सूक्ष्मजंतूंची गणपूर्ती

एका नासक्या आंब्याने सारी आढी नासते, हा घरोघरचा अनुभव आहे. बटाट्याच्या बाबतीतही असाच प्रकार घडतो. पुणे जिल्ह्यात काढणीनंतर बटाटा आरणीत, म्हणजे सावलीत रचून वर पाला किंवा गवत घातलेल्या ढिगात, ठेवण्याची रीत आहे. ढिगातील एखादा बटाटा ओला राहिला, किंवा काढताना त्याला कुदळीची जखम झाली, की काही दिवसांत त्याच्या आतील गर पाण्यासारखा पातळ होतो. त्याला दुर्गंधी सुटते आणि त्यातून झरणाऱ्या पाण्याने शेजारचे बटाटेही सडू लागतात. या रोगास मऊ कूज म्हणतात.

हा रोग घडवून आणणाऱ्या सूक्ष्मजंतूंपैकी प्रमुख जंतू म्हणजे पेक्टोबॅक्टेरियम कॅरोटोव्होरम होय. पूर्वीच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख अर्विनिया कॅरोटोव्होरा या नावाने आढळतो. कॅरोटोव्होरा म्हणजे गाजरभक्षक; कारण गाजर, मुळा, कोबी, कांदा अशा अनेक भाज्यांनाही तो सडवतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढी असते.

या जंतूच्या वागण्यात एक कोडे आहे. निरोगी दिसणाऱ्या बटाट्याच्या सालीवर जी बारीक रंध्रे असतात, त्यांत तो आठवडेच्या आठवडे निमूटपणे वास करीत असतो. त्या काळात बटाट्याला काहीही अपाय होत नाही. मग एकाएकी त्याचे रूप पालटते आणि दोन-तीन दिवसांत सबंध बटाट्याचा चिखल होतो. बटाटा नासवण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी पहिल्या दिवसापासून होते, तर तो थांबला कशासाठी? आणि थांबणे पुरे झाले, हे त्याला कोणी सांगितले?

समुद्रातील दिव्यांचा धडा

या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा समुद्रात सापडला. समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ फिशेराय नावाचा एक जंतू असतो. त्याच्या अंगी निळसर-हिरवा प्रकाश देण्याचा गुण आहे. प्रयोगशाळेत पोषक द्रव भरलेल्या चंबूत हे जंतू थोडेसे सोडले, तर प्रारंभी त्यांची संख्या भराभर वाढते, पण प्रकाश मात्र वाढत नाही. काही तास गेल्यावर चंबू एकाएकी उजळू लागतो.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात केनेथ नीलसन, टेरी प्लॅट आणि वुडलंड हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये या विलंबाचे कारण स्पष्ट केले. प्रकाश निर्माण करणारे एंझाइम जंतूंच्या शरीरात प्रारंभी तयारच होत नव्हते. जंतू वाढत असताना भोवतालच्या द्रवात स्वतःच एक पदार्थ सोडत होते. हा पदार्थ पुरेसा साचला, म्हणजे सर्व जंतूंमध्ये ते एंझाइम एकाच वेळी तयार होऊ लागे. १९८१ मध्ये अनातोल एबरहार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाची रासायनिक रचना निश्चित केली. तो ॲसिल होमोसेरीन लॅक्टोन या गटातील एक लहानसा रेणू होता.

समुद्राच्या पाण्यात विखुरलेल्या एकट्या जंतूने प्रकाश दिला, तर तो कोणास दिसणार? त्याची शक्ती मात्र व्यर्थ खर्च होईल. हवाई बेटांच्या किनाऱ्यावर माखळीच्या जवळच्या नात्यातील एक छोटा प्राणी आढळतो. त्याच्या शरीरातील एका विशिष्ट इंद्रियात हेच जंतू कोट्यवधींच्या संख्येने दाटीवाटीने राहतात. तेथे त्यांचा प्रकाश त्या प्राण्याच्या उपयोगी पडतो आणि मोबदल्यात त्यांना अन्न व आसरा मिळतो. एकट्याने केले असता निष्फळ, पण अनेकांनी मिळून केले असता फलदायी, असे हे काम आहे.

सभेचे कामकाज सुरू होण्यास ठरावीक सभासद हजर असावे लागतात. ती संख्या भरली म्हणजे गणपूर्ती झाली असे म्हणतात. क्ले फुक्वा, स्टीफन विनन्स आणि पीटर ग्रीनबर्ग यांनी १९९४ मध्ये जंतूंच्या या व्यवहारास इंग्रजीत जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘गणपूर्तीची जाणीव’ असाच आहे.

हाक आणि कान

जंतूला डोळे नाहीत, कान नाहीत, मेंदूही नाही. मग त्याला आपल्या भाऊबंदांची संख्या कळते कशी? याची व्यवस्था अत्यंत साधी आहे. प्रत्येक जंतूत एक प्रथिन असे असते, की जे संकेताचे रेणू थोडे थोडे सतत तयार करीत राहते. ही जणू जंतूची हाक होय. लॅक्टोन गटातील रेणू लहान असल्यामुळे पेशीच्या पटलातून आरपार ये-जा करू शकतात. जंतू विरळ असतील तर हे रेणू दूर पसरून नाहीसे होतात. जंतूंची दाटी झाली, की बाहेर साचलेले रेणू पुन्हा त्यांच्याच शरीरात शिरू लागतात. तेथे दुसरे एक प्रथिन त्यांना पकडण्यासाठी असते. त्यास जंतूचा कान म्हणता येईल. रेणू या प्रथिनास चिकटला, की त्याचा आकार बदलतो आणि त्यामुळे विवक्षित जनुकांचे कार्य सुरू होते किंवा बंद पडते.

जंतूंची वाढ दुभंगून होते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, या हिशेबाने वीस वेळा दुभंगल्यावर एका जंतूचे १०,४८,५७६ जंतू होतात. म्हणून संकेताचे प्रमाण दीर्घकाळ नगण्य राहते आणि शेवटच्या काही पिढ्यांत झपाट्याने वाढते. बाहेरून पाहणाऱ्याला जंतूंचा पालट आकस्मिक वाटतो, त्याचे एक कारण हे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जंतू खऱ्या अर्थाने संख्या मोजत नाही. तो भोवतालच्या रेणूंचे प्रमाण अनुभवतो. जागा कोंडलेली असेल, तर थोड्या जंतूंचा संकेतही तेथे साचू शकतो. उलट वाहत्या पाण्यात पुष्कळ जंतूंचा संकेतही वाहून जातो. ही बाजू रोझमेरी रेडफील्ड या शास्त्रज्ञ स्त्रीने २००२ मध्ये आग्रहाने मांडली. तेव्हा संख्या आणि जागा या दोहोंचा मिळून हा हिशेब असतो.

बटाट्यावरील हल्ला

वनस्पतीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन या पदार्थाने जोडलेल्या असतात. विटांच्या भिंतीत चुना जे काम करतो, तेच काम येथे पेक्टिन करते. मऊ कूज घडवणारा जंतू पेक्टिन विरघळवणारी एंझाइमे बाहेर सोडतो. भिंतीतला चुना निघून गेला म्हणजे विटा सुट्या व्हाव्यात, तशा बटाट्याच्या पेशी सुट्या होतात, फुटतात आणि त्यांतील अन्नरस जंतूंना मिळतो.

परंतु वनस्पती ही निर्जीव भिंत नव्हे. पेक्टिनचे तुकडे पडू लागले, की ते तुकडेच तिला धोक्याची सूचना देतात. ती सूचना मिळताच जखमेभोवतीच्या पेशी आपल्या भिंती बळकट करतात आणि जंतूंना मारक अशी द्रव्ये तयार करतात. आता समजा, शे-दोनशे जंतूंनीच हल्ला आरंभिला. त्यांच्या तुटपुंज्या एंझाइमांनी पेक्टिनचे थोडेसे तुकडे पडतील. त्यांनी वनस्पती सावध होईल आणि ते मूठभर जंतू तेथेच संपतील. याच्या उलट, लाखो जंतूंनी एकाच वेळी एंझाइमांचा लोंढा सोडला, तर वनस्पतीला सावध होण्यास अवसरच उरत नाही. निमूटपणे थांबण्यात जंतूंचा लाभ आहे तो हा.

ही कल्पना प्रयोगाच्या कसोटीला कशी उतरली, हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम व वॉरिक येथील संशोधक याच जंतूपासून मिळणाऱ्या कार्बापेनेम नावाच्या प्रतिजैविकाचा अभ्यास करीत होते. प्रतिजैविक तयार करण्याची शक्ती गमावलेले काही जंतू त्यांनी वेगळे काढले. त्यांत दोन प्रकार आढळले. ते एकमेकांशेजारी वाढवले असता एका प्रकारात ती शक्ती परत आली. याचा अर्थ असा, की पहिल्याच्या शरीरातून काही तरी झिरपून दुसऱ्याला पोहोचत होते. १९९२ मध्ये या पदार्थाची ओळख पटली, तेव्हा तो समुद्रातील प्रकाशमान जंतूचा संकेत-रेणूच निघाला. कोठे समुद्रातील दिवे आणि कोठे बटाट्याची कूज! पण हाक तीच होती.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, इंग्लंड व स्वीडन येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की पेक्टिन विरघळवणारी एंझाइमेही याच संकेतावर अवलंबून असतात. संकेत तयार करणारे जनुक निकामी केलेले जंतू पोषक द्रवात वाढत, परंतु वनस्पतीला सडवण्याची त्यांची शक्ती लोपली होती. त्यांना बाहेरून संकेत-रेणू पुरवला, तेव्हा ते पुन्हा एंझाइमे तयार करू लागले.

पेशीच्या आत जे घडते, ते लगाम सैल करण्यासारखे आहे. संकेत नसताना जंतूचे ‘कान’ असलेले प्रथिन दुसऱ्या एका प्रथिनाच्या निर्मितीला उत्तेजन देते आणि हे दुसरे प्रथिन एंझाइमांची निर्मिती रोखून धरते. संकेत येऊन चिकटला, की हे उत्तेजन थांबते, लगाम सुटतो आणि एंझाइमे वाहू लागतात. प्रतिजैविकाची निर्मितीही त्याच सुमारास सुरू होते. यातही एक संगती दिसते. बटाटा फुटून अन्नरस बाहेर आला, की मातीतील इतर जंतू त्यावर ताव मारण्यास टपलेलेच असतात. प्रतिजैविक अशा आगंतुकांना दूर ठेवत असावे.

बांगडी रोगातील संकेत

मऊ कूज हा बटाट्याचा एकमेव जंतुजन्य रोग नव्हे. शेतात उभे असलेले हिरवे झाड अचानक मान टाकते आणि पाणी दिले तरी उभारी धरत नाही. त्याचा बटाटा कापला, तर सालीच्या आत तपकिरी कडे दिसते. या कड्यामुळे पुण्याकडे या रोगास बांगडी असे नाव पडले. पुणे जिल्ह्यातील या रोगाची नोंद १८९२ इतकी जुनी असून ती भारतातील पहिली समजली जाते. टोमॅटो, वांगी, मिरची यांनाही हा रोग होतो व तेथे त्याला मर म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये या जंतूचे वर्णन केले. त्यास राल्स्टोनिया सोलॅनेसिॲरम म्हणतात.

हा जंतू मातीतून मुळांच्या जखमांवाटे आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नलिकांत वस्ती करतो. त्याची संकेत-भाषा निराळी आहे. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात टिमथी डेनी, मार्क शेल व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये ती उलगडली. येथील संकेत लॅक्टोन नसून पामिटिक आम्लाच्या कुळातील एक एस्टर आहे. जंतू विरळ असताना ते पोहत फिरतात आणि भोवतालचे लोह गोळा करतात. दर मिलिलिटरमध्ये सुमारे एक कोटी जंतू झाले, की संकेत पुरेसा साचतो व सारा कारभार बदलतो. पोहणे थांबते आणि जंतू भोवती दाट चिकट द्रव्य सोडू लागतात. या चिकट्याने नलिका तुंबतात, पाने पाण्याला पारखी होतात आणि झाड कोमेजते. ज्या जंतूंत हा पालट घडवणारे मुख्य जनुक बिघडलेले असते, ते झाडात शिरले तरी त्याला सहसा मारू शकत नाहीत.

चिकटा तयार करण्यास पुष्कळ अन्न खर्ची पडते. विरळ वस्तीत तो केला, तर नलिका तुंबणार नाही आणि जंतूंची वाढ मात्र खुंटेल. म्हणून येथेही योग्य वेळ येईपर्यंत थांबणे हेच हिताचे ठरते.

या जंतूंची दाटी शाळेतील विद्यार्थ्यांना साध्या साधनांनी पाहता येते. नुकत्याच कोमेजलेल्या झाडाच्या खोडाचा जमिनीलगतचा तुकडा धारदार सुरीने कापावा आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात त्याचे कापलेले टोक बुडेल असा स्थिर धरावा. रोग जंतुजन्य असल्यास काही मिनिटांत त्या टोकातून दुधासारखी पांढरी धार धाग्याप्रमाणे खाली उतरू लागते. बुरशीमुळे झाड मेले असेल, तर अशी धार दिसत नाही. त्या धारेत कोट्यवधी जंतू असतात. म्हणून प्रयोग झाल्यावर पाणी उकळून टाकावे, सुरी व हात स्वच्छ धुवावेत आणि खोडाचा तुकडा जाळावा.

हाक दाबण्याचे प्रयत्न

जंतू झाडाच्या आत शिरल्यावर फवाऱ्याचे औषध त्याच्यापर्यंत पोहोचणे अवघड असते. शिवाय मारक औषध वारंवार वापरले, तर त्याला दाद न देणारे जंतूच मागे उरतात व त्यांची प्रजा वाढते. गणपूर्तीचा उलगडा झाल्यानंतर शास्त्रज्ञांपुढे निराळा विचार आला. जंतूला न मारता त्याची हाकच मिटवून टाकली तर?

मातीतील काही जंतू हे काम पूर्वीपासून करीत आले आहेत. २००० मध्ये सिंगापूर येथील संशोधकांना बॅसिलस वर्गातील एका जंतूत लॅक्टोनचे कडे तोडणारे एंझाइम सापडले. कडे तुटले, की रेणू संकेत म्हणून निरुपयोगी होतो. या एंझाइमाचे जनुक त्यांनी तंबाखू व बटाटा यांच्या झाडांत घातले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार अशा झाडांनी मऊ कुजीला चांगला विरोध केला. कीटकनाशक म्हणून शेतीत वापरात असलेल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जंतूतही असे एंझाइम असते. तो बटाट्यावर लावला असता कुजीचे जंतू मरत नाहीत, पण त्यांचा उपद्रव कमी होतो, असे त्याच गटाने २००४ मध्ये दाखवले.

याच्या नेमका उलट मार्गही चोखाळून पाहण्यात आला. झाडानेच जंतूंचा संकेत तयार केला, तर थोडे जंतूही फसून अवेळी हल्ला करतील आणि झाड सावध होईल, अशी ती कल्पना होती. फिनलंडमधील संशोधकांनी २००१ मध्ये तंबाखूवर हा प्रयोग केला, तेव्हा झाडांची रोगप्रतिकारशक्ती वाढलेली दिसली. परंतु स्कॉटलंडमध्ये बटाट्यावर केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उलटेच घडले. तेथे झाडाने पुरवलेला संकेत जंतूंच्याच पथ्यावर पडला आणि कूज वाढली. एका झाडात जी युक्ती ढाल ठरली, तीच दुसऱ्या झाडात शत्रूचे शस्त्र झाली. प्रयोगशाळेतील यश शेतात जसेच्या तसे उतरेल असे धरून चालणे किती धोक्याचे आहे, हे या दोन प्रयोगांवरून स्पष्ट होते.

आणखीही अडचणी आहेत. लॅक्टोन तोडणारे एंझाइम बांगडी रोगाच्या एस्टरपुढे निरुपयोगी ठरते. प्रत्येक भाषेला तिचे स्वतंत्र औषध शोधावे लागते. शिवाय मुळांभोवती राहणाऱ्या कित्येक उपकारक जंतूंची भाषाही लॅक्टोनचीच असते. सरसकट सर्व हाका बंद केल्या, तर मित्रांचीही वाचा बंद होण्याचा संभव आहे. वनस्पतीही या हाका ओळखतात, असे दिसते. लसूणघासाच्या प्रजातीतील एका वनस्पतीच्या मुळांवर लॅक्टोन संकेताचा परिणाम होऊन अनेक प्रथिनांचे प्रमाण बदलते, हे २००३ मध्ये सिद्ध झाले आहे.

जुन्या नियमांचा नवा अर्थ

या ज्ञानाचा शेतकऱ्याला आज काय उपयोग, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर अनुभवी शेतकऱ्यांच्या नेहमीच्या रीतीत काही अंशी दडलेले आहे. बटाटा काढल्यावर तो धुऊन ओला रचू नये. सावलीत वाळवून, जखमांवर नवी साल धरू द्यावी. रास फार उंच करू नये व तीत हवा खेळती ठेवावी. सडका बटाटा दिसताच वेचून दूर टाकावा. बेणे निरोगी शेतातूनच आणावे. ज्या शेतात मर रोग दिसला तेथे लागोपाठ बटाटा, टोमॅटो किंवा वांगी न घेता ज्वारी-मक्यासारखे पीक घ्यावे.

बटाट्यावर पाण्याचा पातळ थर साचला, तर आत हवा पोहोचत नाही. हवेवाचून बटाट्याची प्रतिकारशक्ती दुबळी होते आणि त्याच ओलाव्यात जंतू वाढतात. जखम भरून आली, तर त्यांना आत शिरण्यास वाट राहत नाही. सडका बटाटा काढून टाकला, तर कोट्यवधी जंतूंची भरलेली सभाच दूर होते. पीक पालटले, तर मातीतील जंतूंची संख्या हळूहळू घटते. या सर्व रीतींचा परिणाम एकच आहे, आणि तो म्हणजे जंतूंची गणपूर्ती होऊ न देणे. ज्यांनी त्या रुजवल्या, त्यांना संकेत-रेणूंची नावे ठाऊक नव्हती. तरी त्यांचे निरीक्षण अचूक होते.

जंतू एकेकटा दुर्बळ असतो, म्हणूनच तो थांबतो. त्याचे ते थांबणे हीच शेतकऱ्याच्या हाती असलेली मुदत होय. साल निरोगी दिसते म्हणून त्या मुदतीत स्वस्थ बसणारा पुढे सबंध आरण गमावतो. त्याच मुदतीत बटाटा वाळवून व निवडून घेणारा ती वाचवू शकतो.